विहिरीचा दोर आणि सहावीतली सहा बलं

चिंचवडकर बाबा

मंडळी, हा धागा काढायला कारण झालाय एक भोपळा. चिरंजीव सहावीत. घटक चाचणीत प्रश्न होता : "विहिरीतून पाणी शेंदणे, या क्रियेत कोणते बल वापरले जाते?" अपेक्षित उत्तर : स्नायू बल. पठ्ठ्यानं लिहिलं :

हात – स्नायू बल
बादली – गुरुत्वीय बल
रहाट – घर्षण बल
दोर – माहीत नाही

गुण शून्य. शाळेत जाऊन भांडायचा विचार नाही, एका मार्काचा प्रश्न आहे. पण रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबा, दोराचं बल कुठलं?" पुस्तकात सहा दिलीत : स्नायू, यांत्रिक, गुरुत्वीय, चुंबकीय, घर्षण आणि स्थितिक विद्युत. दोर यातल्या कशातच बसेना. मी कॉमर्सवाला. "झोप आता" म्हणालो आणि इथे आलो.

तर (१) दोराचं बल कुठलं, (२) मुळात बलं किती प्रकारची असतात, आणि (३) पोरानं लिहिलं ते चूक की बरोबर?

पॉपकॉर्नवाला

जागा धरून ठेवतो. इथे विज्ञानाचा धागा पन्नास प्रतिसादांत अध्यात्मावर जातो, बघू या वेळी किती लागतात.

निवृत्त मास्तर

बाबा, तुमच्या मुलाच्या "माहीत नाही" ला मी पूर्ण गुण दिले असते. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, 'माहीत नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहिणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आधी दोर. त्या बलाला ताण म्हणतात. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. समजा पाण्यानं भरलेली बादली १२ किलोची आहे. एक किलोवर पृथ्वीची ओढ सुमारे ९.८ न्यूटन, म्हणजे बादलीवर साधारण ११८ न्यूटन. बादली नुसती लटकत असेल तर दोरात ताण ११८. तुम्ही ती एकाच संथ वेगानं वर घेत असाल तरीही ११८. पटत नाही ना? वर्गातही कुणाला पटायचं नाही. "सर, वर न्यायची तर जास्त लागणारच." जास्त लागतं ते फक्त सुरुवातीला, वेग वाढवताना. म्हणून जुना दोर तुटतो तो हिसका दिला की.

आता पुस्तकाची बाजू. सहावीच्या मुलाला 'बल' हा शब्द पहिल्यांदा भेटतो, तेव्हा त्याला ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात करून द्यायची असते. बल कोण लावतंय? माणूस किंवा जनावर असेल तर स्नायू बल, यंत्र असेल तर यांत्रिक. ही दोन नावं *लावणाऱ्यावरून* पडलीत. घर्षण, चुंबकीय, गुरुत्वीय ही नावं बल *कशामुळे* निर्माण होतं त्यावरून. एकाच यादीत दोन निकष आलेत. आडनावं आणि गावांची नावं एकाच रकान्यात भरल्यासारखं झालंय. यादी चुकीची नाही, पण मुलगा जरा खोलात गेला की अडतो. तुमचा अडला.

कोकणकन्या

मास्तर, हिसक्याचं अगदी खरं. गुहागरला आमच्या आजोळी विहिरीवर दोर तुटला की पोहरा काढायला गळ टाकून बसायचं हे पोरांचं काम असे. आजी ओरडायची ती हेच, "हळू ओढा गो, हिसडे देऊ नका." तिनं न्यूटनचं नाव ऐकलं नव्हतं.

रहाट कोरडा पडला की कुरकुरायचा आणि ओढायला जड जायचं. म्हणजे तिसऱ्या ओळीतलं घर्षणही बरोबरच आहे की. मग शून्य का?

अणुरेणू

मी संशोधन क्षेत्रात आहे (पुण्यातच), त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर राहवत नाही.

आज आपल्याला माहीत असलेली मूलभूत बलं चार : गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, प्रबळ आणि क्षीण. शेवटची दोन अणुकेंद्राच्या अंतरापलीकडे जाणवत नाहीत. प्रबळ बल अणुकेंद्र एकत्र धरून ठेवतं. क्षीण बलामुळे काही प्रकारचा किरणोत्सर्ग होतो, आणि सूर्यात प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो तोही त्याच्यामुळेच. ते नसतं तर सूर्य असा पेटलाच नसता. पण विहिरीवर त्यांचं काही काम नाही.

म्हणजे विहिरीवर उरली दोनच. बादलीला खाली ओढतं ते गुरुत्वाकर्षण. *बाकी सगळं* विद्युतचुंबकीय. दोराच्या धाग्यांतले रेणू एकमेकांपासून दूर जायला तयार नसतात, तो ताण. रहाटाचा आस आणि भोक यांचे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर एकमेकांना चिकटतात, अडकतात, ते घर्षण. दंडातल्या स्नायूंत ॲक्टिन आणि मायोसिन नावाची प्रथिनं एकमेकांवर सरकतात, तीही विद्युत बलांच्या जोरावरच. जमीन तुमच्या पायांना वर ढकलते तेही तेच. (या शेवटच्यात एक पाचर आहे : दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत हा पाउलीचा नियमही त्यात काम करतो. त्याला वेगळं बल म्हणून मोजत नाहीत.)

गंमत म्हणजे या दोघांत गुरुत्वाकर्षण अतिशय दुबळं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यात विद्युत ओढ ही गुरुत्वाच्या ओढीच्या किती पट? साधारण २ वर ३९ शून्यं. टाचणीला खाली अख्खी पृथ्वी ओढते आणि वरून दोन रुपयांचं लोहचुंबक ती उचलून घेतं, यावरून काय ते समजा.

तर सहावीच्या यादीतली स्नायू, यांत्रिक, घर्षण, चुंबकीय आणि स्थितिक विद्युत ही पाचही एकाच घरातली भावंडं आहेत.

पॉपकॉर्नवाला

म्हणजे पोरानं "सगळं विद्युतचुंबकीय" लिहायला हवं होतं? अजून एक शून्य मिळालं असतं.

निवृत्त मास्तर

अणुरेणू, तुमचं सगळं खरं. पण रहाटाला तेल किती घालावं हे क्वांटम सिद्धांतातून काढायला बसलात तर बादली विहिरीतच राहील. वरवर वेगळी दिसणारी नावं कामाची असतात. घर्षणाला घर्षण म्हटलं की त्याचा हिशेब एका ओळीत होतो.

बँकर

घर्षणाचा विषय निघालाय तर बोलतो. माझी नोकरी रेल्वेत, घाटात. (आयडी बघून कर्ज मागू नका. आमच्याकडे बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून लावतात ती जादा इंजिनं.)

"घर्षण बल गतीला विरोध करते" हे वाक्य शाळेत पाठ केलं होतं. नोकरीत आल्यावर कळलं की घर्षण नसेल तर गाडी हलणारच नाही. इंजिनाची मोटर चाक फिरवते. चाक रुळाला मागे ढकलतं, रूळ चाकाला पुढे ढकलतो. गाडीला पुढे नेणारं बल ते हेच. ते कमी पडलं की चाक जागच्या जागी गरगर फिरतं, गाडी तिथेच. पावसाळ्यात रूळ ओले, त्यावर पालापाचोळा, म्हणून इंजिनातून चाकापुढे वाळू सोडायची सोय असते.

बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १. ऐकायला काहीच वाटत नाही, दीड अंशापेक्षा थोडाच जास्त. पण हिशेब करा. समजा गाडी १००० टनांची. तिला उतारावरून खाली खेचणारा वजनाचा भाग १००० भागिले ३७, म्हणजे २७ टनांचं वजन असतं तेवढा. वर इंजिनाचा स्वतःचा भाग आणि बाकीचा रोध वेगळाच. आता सुमारे सव्वाशे टनांचं इंजिन. कोरड्या रुळावर पोलादाची पोलादावर पकड वजनाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे ३० ते ४० टन. कोरड्यात कसंबसं जमेल, पावसात अडकेल. म्हणून कर्जतला बँकर.

आणि ते *मागून* का लावतात? सगळी इंजिनं पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येईल. मास्तरांच्या बादलीचा दोर आणि आमचं कपलिंग, प्रकरण एकच. मागून ढकललं की पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात, ताण वाटला जातो.

अवांतर : मुंबईहून पुण्याकडे घाट चढणारी गाडी आमच्या भाषेत 'डाउन'. नवीन माणूस हमखास गोंधळतो.

हिमवर्षाव

बँकर, मस्त प्रतिसाद! मग सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट कशी चढते? तिला वेगळं भौतिकशास्त्र आहे का?

(टोरांटोत राहतो. इथे जानेवारीत रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो, त्यामुळे घर्षणाची किंमत मला रोज सकाळी कळते. ब्रेक दाबून काही होत नाही, चाक थांबतं, गाडी थांबत नाही.)

बँकर

नियम तेच. साध्या गाडीत ढकलणारी चाकं फक्त इंजिनाची, म्हणून पकड फक्त इंजिनाच्या वजनाची. बाकी हजार टन नुसतं ओझं. वंदे भारतमध्ये निम्म्या आसांना मोटरी आहेत. म्हणजे गाडीचं जवळपास निम्मं वजन पकडीच्या कामाला येतं. ओझंच हमाली करतं म्हणा ना.

बांधावरून

आमच्याकडं बैलं हायेत अजून दोन. एक शंका लई दिसांची हाय. बैल गाडीला जेवढ्या जोरानं पुढं ओढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढती, असं न्यूटन म्हणतो म्हणं. मग दोन्ही सारखंच झालं तर गाडी फुडं कशी जाती? आमच्या मास्तरानी "तसा नियमच आहे" म्हणून खाली बसवलं हुतं.

निवृत्त मास्तर

दादा, तुमच्या मास्तरांच्या वतीनं मी माफी मागतो. हा प्रश्न या विषयातला सगळ्यात मोलाचा.

दोन बलं सारखी आहेत, विरुद्ध आहेत, हे खरं. पण ती *दोन वेगळ्या वस्तूंवर* आहेत. एक गाडीवर, एक बैलावर. वजाबाकी एकाच वस्तूवरच्या बलांची करायची. शेजाऱ्याचं कर्ज आणि माझी शिल्लक यांची बेरीज मी माझ्या पासबुकात मांडत नाही.

आता फक्त गाडी बघा. बैल पुढे ओढतोय, चाकं आणि जमीन थोडा रोध करतायत. ओढ जास्त असेल तर गाडी वेग घेते. मग फक्त बैल बघा. गाडी त्याला मागे ओढतेय. तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. जमिनीचा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त, म्हणून तोही पुढे जातो. चिखलात तुमची बैलं का घसरतात? ताकद तीच असते, पण जमीन परत ढकलत नाही.

न्यूटननं हे तीन नियम १६८७ मध्ये मांडले. त्यातल्या तिसऱ्याचा सगळा जीव "कोण कुणावर" या दोन शब्दांत आहे. मी फळ्यावर कुठल्याही बलाचं नाव लिहिताना ते दोन्ही लिहायला लावायचो. "दोर बादलीवर." "पृथ्वी बादलीवर." नुसतं "गुरुत्वीय बल" असं लिहिलं तर अर्धा गुण कापायचो.

आता सगळ्यांना एक प्रश्न. टेबलावर पुस्तक आहे. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते. तिसऱ्या नियमानुसार याची प्रतिक्रिया कोणती?

पॉपकॉर्नवाला

सोप्पंय. टेबल पुस्तकाला वर ढकलतं. पॉपकॉर्न संपले, बक्षीस पाठवा.

निवृत्त मास्तर

चूक! आणि तुम्ही एकटे नाही, शिक्षकांच्या प्रशिक्षणातही निम्मे हात याच उत्तराला वर जायचे.

पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर प्रतिक्रिया म्हणजे *पुस्तक पृथ्वीला* वर ओढतं. "कोण कुणावर" हे उलटं करायचं, बस्स. आणि एक ताळा सांगतो : क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नेहमी एकाच जातीची असते. गुरुत्वाला गुरुत्व, स्पर्शाला स्पर्श. टेबलाचा रेटा हे स्पर्शाचं बल, ते गुरुत्वाची जोडी होऊच शकत नाही. टेबल काढून घ्या, रेटा गेला. ओढ राहतेच की नाही?

बाबा, बलांचे प्रकार ओळखायला यायला हवेत ते यासाठी.

अणुरेणू

मास्तर, हा ताळा मी माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगणार.

बांधावरून

समजलं. आता बैलाला बी सांगतो.

कोकणकन्या

माझा एक बाळबोध प्रश्न. सावर्ड्याच्या पुढे घाटात एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. ते बल यादीत कुठे आहे? अपकेंद्री म्हणतात ना त्याला?

हिमवर्षाव

असं बल नसतंच. भ्रम आहे तो. बस वळते, तुम्ही सरळ जायला बघता, जडत्व. बसची भिंत येऊन तुम्हाला आत ढकलते आणि तुम्हाला वाटतं तुम्ही बाहेर फेकले गेलात. आकडा घ्या : ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, वळणाची त्रिज्या ३० मीटर. ६० किलोच्या माणसाला वळवायला २०० न्यूटन लागतात, *आतल्या* बाजूला. साधारण २० किलोचं पोतं अंगावर रेललं तर लागेल तेवढा जोर. तो बाक देतो, भिंत देते, नाहीतर शेजारचे काका देतात. बाहेर ढकलणारं कुणीही नाही. "कोण कुणावर" विचारा ना मास्तरांसारखं. उत्तर येत नाही, म्हणजे बल नाही.

कोकणकन्या

भ्रमाने माझी सोलकढीची बाटली पलीकडच्या खिडकीत गेली होती बरं का.

अणुरेणू

हिमवर्षाव, ९० टक्के सहमत. पण "भ्रम" हा शब्द जरा कडक झाला. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला ते बल लागत नाही, हे खरं. पण बसमध्ये बसून, बस स्थिर मानून हिशेब करायचा असेल तर ते धरावंच लागतं, आणि धरलं की उत्तर बिनचूक येतं. त्याला आभासी बल म्हणतात. जोडीदार नसलेलं बल, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि आपण सगळे एका फिरत्या बसमध्ये बसलोच आहोत. पृथ्वी फिरते, आपण तिला स्थिर मानून हवामानाचा हिशेब करतो. मग कोरिऑलिस नावाचं असंच आभासी बल धरावं लागतं. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडले की त्याच्यामुळे उजवीकडे वळतात, आणि आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. नैर्ऋत्य मोसमी वारे! तुमच्या भ्रमावर कोकणातला भात उगवतो.

हिमवर्षाव

ठीक आहे, शब्द मागे घेतो. भात खाणारा माणूस आहे.

एरंडेल

उशिरा आलो. मल्लखांब शिकवतो, साताऱ्याकडे. घर्षणावर आमचं पोट आहे म्हणून दोन ओळी.

लाकडी मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात हे ऐकून लोक चकित होतात. चढायचंय तर तेल कशाला? अहो, नुसतं चिकटून बसायचं नसतं, अंग वळवायचं असतं, सरकायचं असतं. कोरड्या लाकडावर कातडं सोलून निघेल. तेलानं घर्षण कमी होतं, ते आवळण्याच्या जोरावर भरून काढायचं. तेलानं पकड निम्मी झाली तर मांड्यांनी दुप्पट आवळावं लागतं. तोच व्यायाम.

नवीन पोरांना वाटतं, जोरात आवळलं की घर्षण वाढतं. स्थिर टांगलेल्या मुलावर घर्षण किती? त्याच्या वजनाइतकंच. ना जास्त ना कमी. ४० किलोचा पोरगा असेल तर ४० किलोच्या वजनाइतकं, मग हळू आवळो की जोरात. आवळल्यानं वाढते ती घर्षणाची *मर्यादा*. ती वजनाच्या खाली आली की घसरला. माझे गुरू म्हणायचे, "मर्यादेत राहा म्हणजे खांब सांभाळेल." तेव्हा वाटायचं संस्कार शिकवतायत.

निवृत्त मास्तर

एरंडेल, हे मी वर्गात इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगू शकलो नाही. टोपी काढली.

पॉपकॉर्नवाला

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली). पण अध्यात्म आलंच शेवटी, गुरुवाक्य म्हणून.

कोकणकन्या

अजून एक, मग गप्प बसते. अंतराळ स्थानकात लोक तरंगतात, तिथे गुरुत्वाकर्षण संपतं ना?

अणुरेणू

नाही संपत. स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के आहे. ते तरंगतात कारण ते आणि स्थानक दोन्ही सतत एकत्र *पडतायत*, आणि पुढे जायचा वेग एवढा आहे की पृथ्वी दरवेळी खालून वाकून निसटते. पायाखालून रेटा देणारी जमीन नाही, म्हणून वजन जाणवत नाही. आपल्याला गुरुत्व कधी जाणवतच नाही, जाणवतो तो जमिनीचा रेटा.

आइनस्टाइननं १९१५ मध्ये इथूनच पुढे जाऊन गुरुत्वाला बल म्हणणंच सोडलं, पण ते इथे काढलं तर बाबांचा मुलगा दहावीला जाईल. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरींची लायगो प्रयोगशाळा उभी राहणार आहे, २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. ती झाली की स्वतंत्र धागा काढतो.

चिंचवडकर बाबा

मंडळी, धागा काढून मी गायब झालो होतो कारण घरात प्रयोगशाळा झालीय. रविवारी जुन्या बाजारातून एक हुकवाला ताणकाटा आणला (आत स्प्रिंग असते तो), आणि खाली बांधकामावरून दोन विटा मागून आणल्या. चिरंजीवांच्या वहीतून जसंच्या तसं :

एक वीट लटकवली : ३.१ किलो.

फरशीवर आडवी ठेवून दोरीनं ओढली : हलेपर्यंत काटा १.८ पर्यंत गेला, मग एकदम सुटली आणि सरकताना १.५ च्या आसपास. हलवायला जास्त लागतं आणि सरकत ठेवायला कमी, हे त्यानं स्वतः शोधलं. कपाट सरकवताना मला कमरेनं हे शिकवलं होतं.

वीट कडेवर उभी करून ओढली : पुन्हा १.५, कधी १.६. इथे माझी पैज होती की टेकलेला भाग कमी तर घर्षण कमी. पैज हरलो, दोन मिसळी गेल्या. मास्तर, असं का?

वर दुसरी वीट ठेवली : ३ च्या जवळ.

खाली चार गोल पेन्सिली : काटा हललाच नाही म्हणायला हरकत नाही.

मग वीट पाण्याच्या बादलीत बुडवून लटकवली : १.२! पण काटा स्थिर राहीना. विटेतून बुडबुडे येत होते आणि काटा हळूहळू वर. वीस मिनिटांनी १.५. काटा बिघडला म्हणून मी दुकानदाराला शिव्या घातल्या. बाहेर काढून परत मोजली तर ३.४.

निवृत्त मास्तर

दुकानदाराची माफी मागा! वीट सच्छिद्र असते, कोरडी असताना तिच्यात हवा. पाण्यात टाकल्यावर पाणी आत शिरतं आणि हवा बाहेर पडते, तेच बुडबुडे. आत ०.३ किलो पाणी गेलं, म्हणून पाण्यातलं वजन १.२ चं १.५ झालं आणि बाहेरचं ३.१ चं ३.४. हिशेब पैशासारखा जुळतोय. वजनात सुरुवातीला आलेली १.९ किलोची तूट म्हणजे पाण्यानं विटेला वर ढकललं ते प्लावक बल, आणि ते विटेनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. म्हणजे विटेचं आकारमान १.९ लिटर. पट्टीनं लांबी-रुंदी-उंची मोजून बघायला सांगा.

आणि हे बल सहाच्या यादीत नाही. मुलाला सांगा, सातवं त्यानं बादलीत शोधलं. दोराचं धरलं तर आठवं.

कडेवरच्या विटेचं : दिसायला पृष्ठभाग सपाट असले तरी खरे टेकतात ते फक्त उंचवटे. आडवी वीट जास्त ठिकाणी टेकते पण प्रत्येक ठिकाणी दाब कमी. उभी कमी ठिकाणी टेकते पण दाब जास्त. दोन्हीकडे उंचवट्यांची खरी चिकटण्याची जागा साधारण तेवढीच. आमोंताँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १६९९ मध्ये हे मांडलं, तेव्हा लोकांचा तुमच्यासारखाच विश्वास बसला नव्हता.

बँकर

बाबा, पेन्सिलींचा प्रयोग म्हणजे आमची रेल्वे. सपाटीवर एकदा वेग घेतला की हजार टन ओढायला फार जोर लागत नाही. सगळी मारामारी चढावर आणि सुटताना.

एरंडेल

आता फरशीवर तेल टाकून बघा. आईला विचारून.

चिंचवडकर बाबा

आईला विचारलं. नकार आला.

पण कालपासून नवीन प्रकरण. फ्रिजवर चुंबकानं वीजबिल लावलेलं असतं. चिरंजीव म्हणतो, "पुस्तकात असता तर उत्तर 'चुंबकीय बल' असतं. पण बाबा, चुंबक फ्रिजला *आडवं* ओढतंय, आणि बिल पडतं *खाली*. मग वर कोण धरतंय?" मी पुन्हा "झोप आता" म्हणणार होतो, पण त्यानंच सांगितलं : घर्षण. चुंबक फक्त आवळतंय, एरंडेल काकांच्या मांड्यांसारखं. मग बिलाच्या मागे एकेक कागद वाढवत गेला. आठ कागदांपर्यंत टिकलं, नवव्याला सगळं हळूच घसरत खाली.

एरंडेल, मर्यादा वजनाच्या खाली आली, बरोबर ना? मास्तर, "कोण कुणावर" विचारलंत तर त्यानं लिहून ठेवलंय : "फ्रिज कागदावर, कागद चुंबकावर, घर्षण, वर. पृथ्वी सगळ्यांवर, गुरुत्वीय, खाली. चुंबक फ्रिजवर, चुंबकीय, आडवं."

निवृत्त मास्तर

"फ्रिज चुंबकावर" राहिलं. अर्धा गुण कापला.

चिंचवडकर बाबा

सांगितलं त्याला. तो म्हणतो ते आडवंच आहे, उलट दिशेनं, आणि एवढ्यासाठी अर्धा म्हणजे फार झाला.

वीजबिल मात्र फ्रिजच्या मागे गेलंय. मुदत उद्याची. फ्रिज सरकवायला कुणी चिंचवडात मोकळं आहे का?

बँकर

मागून लावा, येतो.